बाबांच्या जुन्या अँपला सबवूफर जोडून देणारे तपकीर गल्लीतले काका

तपकीर गल्लीतल्या एका काकांनी गेल्या महिन्यात आमच्या घरी येऊन सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर (बास) वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडून दिला त्याबद्दल लिहितेय. जरा लांब होईल, पण ज्यांच्या घरी आईबाबांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आहे आणि ज्यांना सगळीकडून "हा काढून टाका, नवीन घ्या" एवढंच ऐकायला मिळतंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, तुमचे बरेच पैसे वाचतील.

आमच्याकडे बाबांचा सोनोडाइनचा अँप आहे, दोन चॅनलचा, कलकत्त्याची कंपनी, माझ्या शाळेच्या दिवसांपासून घरात आहे आणि अजून खणखणीत वाजतो. त्याला दोन लाकडी बुकशेल्फ स्पीकर, पाच इंची वूफरवाले. बाबा ७४ वर्षांचे, सकाळी रियाझाला बसावं तसे रेकॉर्डिंग ऐकायला बसतात, तंबोरा सुरू झाला की घरात कुणी मिक्सर लावायचा नाही. माझ्या लेकाला सिनेमे बघायला बास पाहिजे. ऑफिसमधली एक मैत्रीण बंगलोरला शिफ्ट होत होती, तिच्याकडून दहा इंची पॉवर्ड सबवूफर ९,००० रुपयांना घेतला. पॉवर्ड म्हणजे ज्याच्या पोटात स्वतःचा अँप असतो, भिंतीतल्या प्लगला लावावा लागतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

बाबांचं पहिलं वाक्य होतं, "घरात डीजेची भिंत नको." विसर्जनाच्या मिरवणुकीत छातीत धडधड होते तोच बास, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि पुण्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात ते बसलं तर त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा मी ऑनलाइन बुक करून एक इन्स्टॉलेशनवाला बोलावला, नाव लिहीत नाही. तो आला, अँपच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारला आणि म्हणाला याला सब आउट (सबवूफरसाठीचं वेगळं भोक) नाहीये मॅडम, याला सबवूफर जोडताच येत नाही, ४५,००० चा एव्ही रिसीव्हर (सिनेमासाठीचा जास्त चॅनलचा अँप) घ्या. मी नको म्हणल्यावर त्याने टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढली, ती वाय जोडाने दोन केली, एक अँपला आणि एक सबला. झालं काय, अँपचा आवाज कमी केला की स्पीकर कमी व्हायचे आणि सब तसाच घुमत राहायचा, रात्री बारीक आवाजात बातम्या लावल्या तरी निवेदकाच्या मागे सारखं हूं हूं. वर सब ठेवला सोफ्यामागे कोपऱ्यात. आणि भों असा एक कायमचा आवाज यायला लागला म्हणून त्याने सबच्या थ्री पिन प्लगला टू पिनचा अडॅप्टर लावून दिला, म्हणजे अर्थिंगच काढून टाकलं. भों थोडा कमी झाला खरा. बाबांनी दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून स्वतःच बटण बंद केलं आणि परत लावू दिलं नाही.

मग शेजारच्या सोसायटीतल्या एकांनी काकांचं सांगितलं. तपकीर गल्ली म्हणजे बुधवार पेठेतली, जिथे वायर, पंखे, ट्रान्झिस्टर, स्पीकरचे कोन, काय वाट्टेल ते मिळतं. तिथे एका जिन्याखाली त्यांचं अँप्लिफायर दुरुस्तीचं एवढंसं दुकान आहे. काकांचं नाव-नंबर इथे टाकू का असं मी विचारलं होतं तर ते नको म्हणाले, एकटाच आहे, आहे तेवढंच काम वेळेत होत नाही, म्हणून देत नाही. पण त्यांनी काय काय केलं ते सगळं सांगते, म्हणजे तुमच्या घरी जो कुणी येईल त्याच्याकडून तेवढं तरी करून घ्या.

तक्रार आधी सांगून टाकते. फोन उचलत नाहीत. रविवारी येतो म्हणाले आणि आले पुढच्या पुढच्या रविवारी, मधे एक निरोपसुद्धा नाही. बाबा सकाळपासून शर्ट घालून बसले होते त्या पहिल्या रविवारी, त्याचं मला वाईट वाटलं आणि मी काकांना तसं सांगितलंही. त्यांनी बाबांची माफी मागितली, कारणं दिली नाहीत.

आल्या आल्या त्यांनी तो टू पिन अडॅप्टर काढून माझ्या हातात दिला. "ताई, हा आधी कचऱ्यात टाका. ही वरची जाड पिन तुमच्या जिवासाठी आहे. आतमध्ये काही शॉर्ट झालं तर करंट हिच्यातून जातो, ही नसेल तर जो हात लावेल त्याच्यातून जाईल. गुणगुण घालवायला अर्थिंग काढायचं नसतं, गुणगुण कुठून येते ते शोधायचं असतं." लेकाला पण जवळ बोलावून दाखवलं. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी त्यांना पैसे दिले असते.

मग अँप बंद करून, प्लग काढून, त्यांनी सबची मागची बाजू दाखवली. तिथे दोन प्रकारच्या जागा होत्या, एक लाल-पांढरी आरसीए भोकं आणि दुसरी स्पीकरची वायर अडकवायची टर्मिनल, ज्यावर हाय लेव्हल इनपुट लिहिलं होतं. काका म्हणाले, सब आउट नसलेल्या अँपसाठीच तर ही सोय कंपन्यांनी दिलेली असते. अँपच्या ज्या टर्मिनलला बाबांचे स्पीकर लागलेत त्याच टर्मिनलला अजून एक वायरची जोडी लावायची, ती थेट सबच्या हाय लेव्हलला, डावं डाव्याला उजवं उजव्याला, लाल लालला काळं काळ्याला. एवढंच. स्पीकर जागचे हलवायचे नाहीत.

मी घाबरून विचारलं की एवढ्या जुन्या अँपवर दोन स्पीकर आणि वर सब, लोड नाही का येणार, तर त्यांनी समजावलं की ओहम म्हणजे विरोध, तो जितका कमी तितकं अँपवर ओझं जास्त, बाबांचे स्पीकर ८ ओहमचे आहेत पण सबचं हे इनपुट हजारो ओहमचं असतं, ते फक्त सिग्नल ऐकतं, ताकद घेत नाही, ताकद सबचा स्वतःचा अँप लावतो. पण हे फक्त पॉवर्ड सबचं. होम थिएटरच्या पेटीबरोबर येणारे काही सब असतात ज्यांना प्लगच नसतो, तो पॅसिव्ह, तो असा समांतर लावला तर ८ आणि ८ मिळून ४ ओहम होतात आणि जुना अँप तापून बसतो. दुकानात अशा केसेस येतात म्हणाले.

अजून एक गोष्ट त्यांनी केली जी पहिल्या माणसाला माहीतही नसावी. मल्टिमीटर काढून अँपची दोन्ही काळी टर्मिनल एकमेकांना आणि अँपच्या ग्राउंडला जोडलेली आहेत का ते बघितलं. जुन्या साध्या अँपमध्ये बहुतेक वेळा असतात. पण काही नव्या डिजिटल अँपमध्ये आणि ब्रिज केलेल्या (दोन चॅनल जोडून एक केलेल्या) अँपमध्ये काळ्या टर्मिनलमध्येही सिग्नल असतो, तिथे सबची काळी वायर अशी सरळ लावली तर अँप उडू शकतो. त्यामुळे हे वाचून कुणी स्वतः करणार असाल तर आधी तुमच्या अँपचं मॅन्युअल बघा, हे मी कळकळीने सांगतेय.

आणि आवाजाचं कोडंही तिथेच सुटलं. स्पीकरच्या टर्मिनलवर येणारा सिग्नल अँपच्या व्हॉल्यूमच्या नॉबमधून पुढे आलेला असतो, त्यामुळे बाबांनी नॉब कमी केला की स्पीकर आणि सब दोन्ही एकदम कमी. मी इंटरनेटवर वाचलं होतं की मागच्या टेप आउटमधून सब काढता येतो, ते विचारलं, तर नाही, ते रेकॉर्डिंगसाठी असतं, नॉबच्या आधीच निघतं, म्हणजे परत तोच आधीचा घोळ.

अँप सुरू केला. भों परत आला, आता अर्थिंग लावल्यामुळे जास्तच. बाबांनी कपाळाला हात लावला. काकांनी काहीही न बोलता सेट टॉप बॉक्सची केबल मागून उपटली आणि आवाज गायब, एकदम शांत, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला! कारण असं, की केबलवाल्याच्या वायरीची बाहेरची जाळी कुठेतरी दुसरीकडे अर्थ झालेली असते आणि आपल्या घरचं अर्थिंग वेगळं, या दोघांमध्ये थोडा फरक असतो आणि मग सब, अँप, टीव्ही, बॉक्स असं मोठं वेटोळं तयार होऊन त्यातून आपल्या लाइटची ५० हर्ट्झची गुणगुण फिरत राहते. सबला ५० हर्ट्झ म्हणजे हक्काचं खाद्य, तो ती मोठ्याने वाजवणारच. उपाय त्यांनी पिशवीतूनच काढला. टीव्हीतून अँपला येणारी नेहमीची वायर काढून टाकली, त्याजागी ऑप्टिकल केबल आणि एक काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डॅक, म्हणजे टीव्हीचा डिजिटल आवाज जुन्या अँपला कळेल असा करून देणारी डबी. ऑप्टिकलमधून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे वेटोळं तिथेच तुटलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साध्या डिजिटल आवाजावर) करावा लागतो नाहीतर या छोट्या डॅकला डॉल्बी कळत नाही आणि काहीच ऐकू येत नाही, हे त्यांनी कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून दिलं. अँप, सब आणि डॅक तिन्ही एकाच सॉकेटवरच्या स्पाइक गार्डला.

मला वाटलं झालं काम. तेव्हा कुठे खरं काम सुरू झालं.

आमचा हॉल १६ बाय ११ फुटांचा. काकांनी तो पावलांनी मोजला आणि म्हणाले या खोलीला स्वतःचे दोन सूर आहेत, एक लांबीचा ३५ हर्ट्झच्या आसपास आणि एक रुंदीचा ५१ च्या आसपास. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरायचा, त्याला भिंतीभिंतीतल्या अंतराच्या दुपटीने भागायचं, लेकाने लगेच कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर आलं. या सुरांना भिंतीपाशी आवाज फुगतो आणि खोलीच्या बरोबर मधे जवळजवळ नाहीसा होतो. खोटं वाटेल पण त्यांनी मोबाईलवरून ५० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि आम्हाला चालायला लावलं, भिंतीपाशी कानात दडा बसल्यासारखं व्हायचं आणि मधोमध आलं की सूर बंद झाल्यासारखा. बाबांची खुर्ची गेली कित्येक वर्षं नेमकी मधोमध होती.

मग त्यांनी बाबांना उठवलं, खुर्ची सरकवली आणि खुर्चीच्या जागी सबवूफर ठेवला. तंबोरा-तबल्याची एक ओळ आणि एक बास गिटारचा तुकडा आलटून पालटून लावला आणि स्वतः गुडघ्यावर बसून भिंतीच्या कडेने रांगत निघाले, कान जमिनीजवळ. साठीचा माणूस. जिथे आवाज सगळ्यात सारखा, कुठलाही एक सूर न फुगता ऐकू येतो ती सबची जागा, कारण सब आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली तीच उत्तर देते. लेक पण त्यांच्या मागे रांगत होता. दोघांनी वेगवेगळं शोधून एकाच जागी खडूची खूण केली, उजव्या स्पीकरच्या शेजारी, कोपऱ्यापासून साडेतीन-चार फुटांवर. कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती आणि जमीन मिळून बास फुकटात वाढवतात, दुकानातल्या डेमोला ते भारी वाटतं, पण घरी सगळ्या गाण्यांत एकच सूर घुमत राहतो. पहिल्या इन्स्टॉलेशनवाल्याने नेमकं तेच केलं होतं. बाबांची खुर्ची दीड फूट मागे आणि जराशी डावीकडे गेली, त्यावर घरात थोडी चर्चा झाली, आता सवय झालीये.

नॉबचं सांगते. सबवर क्रॉसओव्हर (कुठल्या सुराच्या खालचं सबने वाजवायचं ते), व्हॉल्यूम आणि फेज (सबचा पडदा स्पीकरच्या जोडीने हलतो की उलटा ते) अशी तीन बटणं. बाबांच्या स्पीकरचा आवाज ७० हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो असं त्यांनी सूर वाजवून शोधलं आणि क्रॉसओव्हर ६० आणि ७० च्या मधे ठेवला, म्हणजे स्पीकर जिथे दमतात तिथून सबने उचलायचं. ८० च्या खूप वर ठेवला तर पुरुषी आवाज सबमधून यायला लागतो आणि मग तो डबा कुठे ठेवलाय ते कळतं, खालचे सूर कुठल्या दिशेने येतायत ते कानाला कळत नाही म्हणून तर एक सब दोन स्पीकरना पुरतो. ज्यांच्याकडे एव्ही रिसीव्हर आहे त्यांच्यासाठी उलटं आहे, तिथे सब आउटमधून एकच आरसीए वायर सबच्या एलएफई लिहिलेल्या इनपुटला, सबचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर "स्मॉल" निवडायचे आणि खालचे सूर कापून सबला द्यायचं काम रिसीव्हरला ८० वर करू द्यायचं, दोन्हीकडे कापलं तर मधला बास हरवतो. फेजला ० आणि १८०. मी खुर्चीत बसले, काकांनी स्पीकर आणि सब दोन्ही चालू ठेवून ७० चा सूर लावला आणि बटण इकडे तिकडे केलं, जिकडे आवाज जास्त भरला ती बाजू. आमच्याकडे ०.

व्हॉल्यूम मात्र त्यांनी बाबांना लावायला सांगितला. "साहेब, तुमचं ऐकणं आहे, तुम्ही सांगा." बाबांनी रेकॉर्डिंग लावलं, काळी एक पट्टीतलं. त्यात मधला सा साधारण १३९ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. काका म्हणाले, आतापर्यंत तुम्ही खर्ज ऐकत होतात ना, तो बराचसा तुमचा कान वरच्या स्वरांवरून जुळवून घेत होता, स्पीकर तो पूर्ण देतच नव्हते. मग हळूहळू नॉब वाढवत नेला. बाबा डोळे मिटून बसले होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. काकांनी खडूने खूण केली आणि मग सब बंद करून दाखवला. सब बंद झाल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अरे, तंबोरा उचलून का नेला?"

मला त्या वाक्याला भरून आलं होतं. सवाईला ते आता जात नाहीत, गुडघे आणि थंडी. मांडवात पुढे बसल्यावर तंबोरा जमिनीतून अंगात येतो असं ते नेहमी सांगायचे आणि मला वाटायचं ते आठवणीतलं काहीतरी आहे.

सिनेमाचं मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, लेक थोडा नाराज आहे. ५.१ मधला तो .१ म्हणजे एलएफईचा वेगळा ट्रॅक, स्फोट, भूकंप, विमानं वगैरेचा, तो दोन चॅनलमध्ये आवाज उतरवताना बहुतेक वेळा सोडून दिलेला असतो. बाकीच्या चॅनलमधला बास येतो, आणि तो पुरेसा येतो, पण ज्यांना थिएटरसारखंच पाहिजे त्यांना रिसीव्हर घ्यावाच लागेल. काकांनी हे पैसे घ्यायच्या आधी सांगितलं होतं, त्यामुळे फसवलं असं अजिबात नाही.

खालच्या काकूंची काळजी होती. सबच्या पायांतून थरथर सरळ स्लॅबमध्ये जाते, म्हणून त्याच्याखाली जाड रबर आणि वर कडप्प्याचा एक तुकडा ठेवलाय, तो तुकडा ओट्याच्या कामातून उरलेला घरीच होता. मी दुसऱ्या दिवशी काकूंना जाऊन विचारलं, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. तरी रात्री दहानंतर आम्ही सबचं बटण बंदच करतो.

खर्च असा झाला: घरी येऊन अडीच तास काम केलं त्याचे १,०००, डॅक १,१००, ऑप्टिकल केबल २५०, स्पीकरची तांब्याची वायर १८०, रबर १२०, एकूण २,६५०. हाताने लिहिलेलं बिल दिलं, वस्तूंवर काही वाढवून लावलेलं नाही, मी नंतर दोन दुकानांत विचारून बघितलं. ४५,००० च्या रिसीव्हरशी तुलना तुम्हीच करा. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या वाट बघायला लावलेल्या रविवारचा कापला.

तपकीर गल्लीत जाणार असाल तर गाडी नेऊ नका, तिथे लावायला जागा मिळत नाही. मी वनाजहून मेट्रोने गेले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि मंडईला उतरून चालत. सबचा फोटो, अँपच्या मागच्या बाजूचा फोटो आणि खोलीची लांबी-रुंदी लिहून न्या, तिथला जो कुणी जाणता माणूस भेटेल तो त्यावरून अर्धं काम जागेवर सांगेल.

एक गोष्ट अजून राहिलीये. ठरावीक सुराला शोकेसची काच किणकिणते, काकांनी त्यात फेल्टच्या पट्ट्या घातल्या तेव्हा थांबली, पण आता आईचा पितळी तांब्या किणकिणतो असं बाबांच्या लक्षात आलंय. तो सध्या स्वयंपाकघरात हलवलाय.